नीरा, नबीज आणि सकाळचे नऊ

महालातल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात नीरा विकावी की विकू नये, यावर गेला हिवाळाभर वाद झडतो आहे. हॉटेल लहानच. गांधी गेटपासून पाच मिनिटांच्या वाटेवर, आत सहा टेबलं, बाहेर दोन बाकडी. (गांधी गेटला आमच्यातले जुने लोक अजून जुम्मा दरवाजाच म्हणतात.) फज्रची नमाज आटोपून येणारे, गांधीसागर तलावाला फेरी मारून परतणारे, गांधीबागच्या कापडबाजारातले हमाल, पेपर टाकणारी पोरं, असं सगळं गिऱ्हाईक. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय महालातच आहे. शाखेवरून परतणारे दोन निवृत्त गृहस्थही रोज साडेसहाला येतात. त्यांचं आणि माझं फारसं जमत नाही, पण बाकडं एकच असल्यामुळे बोलणं होतं.

उमरेडकडच्या एका गावातला मनुष्य शिंदीच्या झाडांची नीरा काढतो. थंडीचे तीन-चार महिने रोज पहाटे वीस लिटर आणून द्यायची त्याची तयारी आहे. हॉटेलमालकाला कल्पना एकदम पसंत पडली. वडिलांनी सुरू केलेलं हॉटेल, चहा आणि खारीवर आता दोन भावांची घरं चालत नाहीत. आजूबाजूला थंड बाटल्यांची दुकानं झाली. त्यात नसलेलं काहीतरी आपल्याकडे असावं, असं त्याला वाटतं. फक्त नीरा काढायला आणि विकायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणजे दारूचं काम ज्या खात्याकडे, तेच खातं. हे कळलं आणि लोकांच्या मनात पाल चुकचुकली.

“अरे भई, ये तो शिंदी की सगी बहन है,” एका हाजीसाहेबांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला.

हाजीसाहेब अगदीच चुकीचं बोलत नव्हते. आमच्या विदर्भात झाडालाही शिंदी म्हणतात आणि त्या झाडाच्या आंबलेल्या रसालाही शिंदीच. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हॉटेलातल्या सर्वांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला फळ्याशिवाय तास घ्यावा लागला. झाडाच्या छेदातून रस टपकतो तेव्हा तो गोड आणि निवळ असतो. शेकडा दहा-बारा भाग साखर, मद्यार्काचं नाव नाही. पण हवेत, सालीवर, कालच्या मडक्याच्या भेगांत यीस्टचे सूक्ष्म जीव टपलेलेच असतात. गोड रस दिसला की ते साखर खाऊ लागतात आणि मद्यार्क तयार होऊ लागतो. म्हणून मडकं रोज धुऊन वाळवायचं, आतून चुना फासायचा. चुन्यामुळे आंबण्याची क्रिया मंदावते. रात्रभर जमलेला रस ऊन चढायच्या आत उतरवायचा, गाळायचा, बर्फात ठेवायचा. एवढं सगळं केलं तर ती नीरा. मडकं तसंच झाडावर लटकत राहिलं तर दुपारपर्यंत त्याचीच शिंदी होते. दोन्हींत फरक आहे तो घड्याळाचा आणि माणसाच्या निगराणीचा.

नीरा आमच्या भागाला परकी नाही. वर्धा इथून पाऊणशे किलोमीटर. 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं मुख्य ठाणं वर्ध्याची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा तिथले चालक. ताडाच्या आणि शिंदीच्या रसाची दारू न होता गूळ व्हावा, हा ग्रामोद्योगवाल्यांचा ध्यास होता, आणि गजानन नाईक यांनी त्या कामात आयुष्य घातलं. ज्या झाडामुळे घरं बुडाली त्याच झाडापासून घरं चालवायची, असा तो विचार. माझं बालपण वर्ध्यात गेलं. सकाळी मामूंचं बोट धरून खादीवाल्यांच्या केंद्रावर जायचं आणि काचेच्या ग्लासात नीरा प्यायची, हे मला आठवतं. थोडा धुरकट, थोडा चुन्याचा वास येई. आमच्या घरात तंबाखूसुद्धा चालत नसे, पण नीरेला कोणी कधी हरकत घेतल्याचं आठवत नाही.

मजहबच्या बाजूनेही हा प्रश्न नवा नाही. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं पेय म्हणजे नबीज. ते पैगंबर (स.) घेत असत. सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशा (र.) यांची रिवायत आहे की सकाळी भिजवलेलं संध्याकाळी घेतलं जाई आणि संध्याकाळी भिजवलेलं सकाळी. हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या रिवायतीत ही मुदत तिसऱ्या दिवसापर्यंत जाते. त्यानंतर उरलेलं ते स्वतः घेत नसत. ही दोन मापं वेगळी का, याचं उत्तर मला ऋतूत दिसतं. मदिनेच्या उन्हाळ्यात जे एका दिवसात आंबेल ते थंडीत तीन दिवस टिकेल.

याहून मला महत्त्वाची वाटते ती भांड्यांची गोष्ट. अब्दुल कैस टोळीचे लोक भेटीला आले तेव्हा त्यांना चार प्रकारच्या भांड्यांत नबीज करायला मनाई झाली: पोखरलेला भोपळा, हिरव्या रोगणाची घागर, डांबर लावलेलं भांडं आणि खजुराचा पोखरलेला बुंधा. आलिमांनी याचं कारण दिलं आहे की अशा भांड्यांत पेय लवकर आंबतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. कातड्याची मशक मात्र फुगते, फाटते, म्हणजे स्वतःच बोभाटा करते. लोकांच्या अंगी शिस्त बाणल्यावर ही मनाई उठली. कुठल्याही भांड्यात प्या, नशा आणणारं मात्र पिऊ नका, एवढंच राहिलं. शिंदीचं झाड खजुराच्याच कुळातलं. तेव्हा नीरेला हाच नियम लावायला मला काही अडचण दिसत नाही.

मालकाने मशिदीच्या मौलानांनाही विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उलट विचारलं, “जो बच जाएगा, उसका क्या करोगे?”

इथे सगळे गप्प झाले.

माझा एक भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. फोनवर त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. तो पीत नाही, पण त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा पबवाला त्याचा शेजारी. त्या पबवाल्यापुढेही हाच पेच आहे म्हणे. तिकडे एल नावाची जुन्या पद्धतीची बिअर असते. ती पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहते, तिच्यात वरून वायू भरत नाहीत, तळघराच्या गारव्यात ठेवून हातपंपाने ग्लासात ओढतात. कारखान्यांच्या गाळलेल्या, वायू भरलेल्या बिअरपुढे ती नाहीशी होऊ लागली तेव्हा 1971 मध्ये तिथल्या लोकांनी ती वाचवायला संघटनाच काढली. आपल्याला त्या पेयाशी कर्तव्य नाही, पण हिशेब ऐकण्यासारखा आहे. नऊ गॅलनचं पिंप, म्हणजे 72 पाइंट. एकदा तोंड उघडलं की तीन दिवसांत संपायला हवं, नाहीतर आंबट होतं. गिऱ्हाईक कमी असलेल्या पबने ते ठेवलं तर चौथ्या दिवशी एकतर नुकसान सोसायचं किंवा खराब माल खपवायचा. पुष्कळ जण माल खपवतात, आणि मग लोक म्हणतात की जुनी बिअर असतेच तशी.

नीरेला तर तीन दिवसही नाहीत. वीस लिटर म्हणजे शंभर ग्लास. आमच्या हॉटेलात सहा ते नऊ दीडशेच्या आत गिऱ्हाईक, त्यातले निम्मे चहाशिवाय कशालाही हात लावणार नाहीत. मालक मनाने सरळ आहे, पण चाळीस ग्लास उरले आणि बाहेर दहा वाजले की सरळ माणसाचाही हात जड होतो. दुपारी कुणाला त्या ग्लासात हलकीशी झिणझिणी लागली तर तो परत मागेल, की ओरड करेल, सांगता येत नाही. आणि मुसलमानाच्या हॉटेलात ताडी मिळते, एवढी एक चित्रफीत मोबाइलवर फिरली तर पुढचं सांगायला नको.

हे भय हवेतलं नाही. 17 मार्च 2025 ला महालात दगडफेक, जाळपोळ झाली. रमजान चालू होता. संचारबंदी लागली, आणि शेवटच्या भागांतून ती उठायला 23 मार्च उजाडला. त्या रात्री मालकाकडे इफ्तारनंतरच्या गर्दीसाठी घेतलेलं चाळीस लिटर दूध होतं. शटर अर्धं वर करून त्याने शेजारपाजारी वाटलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी नालीत गेलं. संचारबंदी उठल्यावर शाखेवाले दोघे चार-पाच दिवसांनी आले. दोघेही काही बोलले नाहीत, मालकही बोलला नाही. चहा पुढे ठेवला, त्यांनी घेतला. नाशवंत माल विकणारा माणूस उद्याची सकाळ नेहमीसारखी असेल, या भरवशावर आज पैसे गुंतवतो. महालात राहून हा भरवसा धरायचा की नाही, हा मालकाच्या धाकट्या भावाचा सवाल आहे, आणि तो नीरेपुरता नाही. त्याचं म्हणणं, बाटल्या ठेवा. वर्षभर टिकतात, शटर पडलं तरी बिघडत नाहीत.

मी मात्र नीरेच्या बाजूचा आहे. बाटलीबंद माल कुठेही मिळतो, त्यासाठी आमच्या बाकड्यावर कोणी येणार नाही. पहाटेच्या थंडीत नऊच्या आत मिळणारी, नंतर न मिळणारी वस्तू असली की माणूस उठून येतो. आणि असं हॉटेल टिकावं, असं मला वाटतं. त्याची कारणं महालात राहणाऱ्याला सांगावी लागत नाहीत.

मौलानांच्या प्रश्नाला उत्तर शेवटी हॉटेलमालकाच्या अम्मींनी दिलं. त्या आतून सगळं ऐकत होत्या. “उकळा की,” त्या म्हणाल्या. नऊ वाजले की उरलेली नीरा सरळ चुलीवर. उकळीने यीस्ट मरतं, आटवलं की काकवीसारखा पाक होतो, आणखी आटवलं तर गूळ. दहा लिटरमागे साधारण किलोभर. मगनवाडीवाले एवढा खटाटोप करून जे सांगत होते, ते अम्मींनी एका शब्दात सांगितलं. त्या पाकाचा दुपारी चहा करायचा. दूध मात्र खाली उतरवून घालायचं, नाहीतर फाटतं, हीसुद्धा त्यांचीच सूचना. म्हणजे ओतून टाकण्याचा जीव जाळणारा प्रसंगच नाही, आणि दुपारी विकण्याचा मोहही नाही. हाजीसाहेबांनी फक्त घड्याळ भिंतीवर, सर्वांना दिसेल असं लावायला सांगितलं. ते लागलं आहे.

परवान्याचा अर्ज भरून गल्ल्यात ठेवलेला आहे. धाकट्या भावाची सही अजून व्हायची आहे. पहिल्या दिवशी वीस नको, दहा लिटरच मागवायची, असं मी सुचवलं. हाजीसाहेब म्हणतात, आठ.