ठिपका ओळखा, मगच औषध

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याकडे निघालं, की पावसाच्या तोंडावर झाडांच्या खोडांवरून फुलांचे लांब तुरे लोंबताना दिसतात. मराठीत ही सीतेची वेणी, कन्नडात सीताळे दंडे. फुलांवरचे जांभळे ठिपके हा तिचा शृंगार. पानं मात्र मुसळधार पावसातही सहसा कुजत नाहीत. मुळं उघडी, वारा मोकळा, पाणी लगेच निथळतं.

आपल्या बंद गॅलरीतल्या ऑर्किडला नेमका हा वारा मिळत नाही आणि पानांवर ठिपके उठतात. लगेच फवारणी नको. उन्हाकडच्या बाजूचा, कोरडा, न पसरणारा डाग हा उन्हाचा चटका. कुंडी सावलीत सरकवली की पुरे. कोरडे, काळपट ठिपके हळूहळू वाढले तर बहुधा बुरशी. ते पान काढा, हवा खेळू द्या. ओलसर, मऊ, घाण वासाचा डाग झपाट्याने पसरला तर जिवाणू. कुंडी वेगळी ठेवा, निर्जंतुक ब्लेडने थोड्या निरोगी भागासह तो कापा, पान कोरडं ठेवा. सुपारीच्या बागेतला बोर्डो इथे वापरू नका; डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही.

पाणी सकाळी घाला, म्हणजे रात्रीपर्यंत पानं सुकतात. आणि घाटातली वेणी घाटातच राहू द्या. तिथला वारा कुंडीतून घरी आणता येत नाही.