निर्जळा एकादशी आणि रक्तदाब

आमचें कर्जत तें घाटाखालचें नव्हे. नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतलें, पर्जन्यछायेंतलें. १९७२ च्या दुष्काळांत घरचें सूत्र एकच होतें, असें वडील मंडळी सांगतात : आधीं पिण्याचें, मग स्वयंपाकाचें, उरेल तें धुण्याचें. शरीरही याच सूत्रानें चालतें, हें मला सासूबाईंच्या निर्जळा एकादशीनें शिकविलें.

दोन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांतली गोष्ट. सासूबाई ऐंशीच्या घरांत. दिवसभर पाण्याचा थेंब नाहीं. रक्तदाबाची गोळी मात्र ‘औषधाला दोष नाहीं’ म्हणून आचमनापुरत्या पाण्याबरोबर घेतलेली. दुपारीं मीं यंत्र लावलें. दाब १२४ आणि ७८. नाडी ९८ होती, तिकडे मीं लक्षच दिलें नाहीं. तिन्हीसांजेला त्या पाटावरून उठल्या आणि देव्हाऱ्यापाशींच कोसळल्या. मनगटाचें हाड मोडलें.

डॉक्टरांनीं मागाहून समजाविलें तें असें. पाणी घटलें कीं रक्ताचें आकारमान घटतें. मानेंतील मोठ्या धमन्यांच्या व महाधमनीच्या भिंतींत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. ते ही वार्ता मेंदूस देतात. क्षणांतच हृदय जलद चालूं लागतें, त्वचेच्या व आंतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त मेंदू व हृदय यांसाठीं राखलें जातें. मूत्रपिंडें रेनिन सोडतात. त्याच्या योगानें रक्तांत अँजिओटेन्सिन तयार होतें. तें वाहिन्या आणखी आवळतें व अल्डोस्टेरॉनकरवीं शरीरांतील मीठ राखवितें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन येतें व मूत्रावाटें जाणारें पाणी अडवितें.

म्हणजे दाब ठीक दिसला तरी सांठा ठीक असतोच असें नाहीं. पाहुण्यापुढें भरला तांब्या यावा आणि माजघरांतला रांजण मात्र रिता असावा, तसा तो १२४ चा आंकडा होता. खरी बातमी नाडीनें दिली होती.

वार्धक्यांत तहान मंदावते; उभें राहतांना दाब सांवरण्याची चपळाईही उरत नाहीं. त्यांतून सासूबाईंची गोळी लघवी वाढविणारी! शरीर जें पाणी अडवूं पाहात होतें, तेंच ती बाहेर घालवीत होती. उपवासाच्या अगर जुलाबाच्या दिवशीं अशा गोळीचें काय करावें, हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें. आपल्या मनानें ती बंद करूं नये. आणि दाब बसून मोजावा, तसाच उभें राहूनही मोजावा.

यंदा एकादशी जवळ आली तेव्हां मीं भीत भीत विषय काढला. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, बहात्तर सालींसुद्धां दारीं आलेल्या तहानलेल्याला आपण परत लावलें नाहीं. मग या देहालाच कां लावूं?”

एकादशी त्यांनीं केली. पण तांब्या जवळ ठेवून.