आधी मुद्दल

३० एप्रिल २०२५ला मदर डेअरीने दिल्लीत दुधाचे भाव वाढवले. दिल्लीजवळच्या वसुंधरातल्या आमच्या बूथवर नवा कागद चिकटला. टोन्ड दुधाचं पाकीट लिटरला ५६चं ५७ झालं, आणि घरून आणलेल्या डोलूत यंत्राच्या तोटीतून घ्यायचं टोकनचं दूध ५४चं ५६. म्हणजे सकाळी उठून, भांडं विसळून, रांगेत उभं राहण्याबद्दल लिटरमागे जे दोन रुपये सुटायचे, तिथे आता एक सुटणार. रांग मात्र तेवढीच. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या एका हातात दोन लिटरचा डोलू आणि दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

दोन लिटरचे रोज दोन रुपये, महिन्याचे साठ. या माणसावर पन्नास लाखांचं कर्ज असेल असं आपण धरून चालू. इकडे ते धरायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४३,३९१ रुपये. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या समितीतली सहा माणसं बसतात, रेपो दर पाव टक्क्याने उतरवतात, आणि बँकेने तो पाव टक्का इमानदारीने खाली सोडला तर हप्ता ४२,६०३वर येतो. सुटले ७८८. टोकनच्या रांगेत तेवढे मिळवायला तेरा महिने. हे गणित त्या गृहस्थांनाही येत असणार. सरकारी कचेऱ्या आणि आयटी कंपन्या यांच्या मधल्या या पट्ट्यात गणित न येणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

परतफेडीची तालिका मात्र सहसा कुणी वाचत नाही. मला ती वाचायला आवडते. पहिल्या महिन्याच्या त्या ४३,३९१मधले ३५,४१७ व्याजाचे. मुद्दल हलते ७,९७४ने. अर्धी मुद्दल फिटायला तेरा वर्षं दहा महिने लागतात. तोवर पहिलीत घातलेलं पोर कॉलेजात गेलेलं असतं. उरलेली अर्धी मग सहा वर्षांत भराभरा उतरते, तेव्हा माणसाचे केस उतरलेले असतात.

काकांची तालिका उलटी होती.

काका केंद्र सरकारात, रामकृष्णपुरमच्या क्वार्टरात. साताऱ्याहून परीक्षा देऊन दिल्लीला आले ते ‘दोन वर्षांत बदली मागून परत’ या बोलीवर, आणि बदली मागायची राहून गेली. १९७९मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने (डीडीए) घरांसाठी ‘न्यू पॅटर्न’ नावाची नोंदणी काढली. कमी उत्पन्न गटाच्या (एलआयजी) घराला दीड हजार, मध्यम उत्पन्न गटाच्या (एमआयजी) घराला साडेचार हजार भरायचे, क्रमांक यायची वाट पाहायची. दीड लाखांहून जास्त लोकांनी नाव घातलं आणि दिल्लीत घरांची अशी रांग लागली की काहींचा क्रमांक पुढल्या शतकात लागला. दरम्यान माणसं क्वार्टर बदलत, बढतीबरोबर टाइप दोनमधून टाइप तीनमध्ये जात, आणि वाटपाचं पत्र जुन्या पत्त्यावर जाई. त्यावरून झालेले खटले दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालांत अजून सापडतात. काकांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन एलआयजीचे दीड हजार भरले, आणि प्रत्येक बदललेल्या पत्त्याचं पत्र स्वतः नेऊन दिलं. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय ते खिडकी सोडत नसत. त्या पोचपावत्यांची फाइल मी पाहिली आहे. काकांचं चरित्र लिहायचं झालं तर तेवढी फाइल पुरेल.

घर लागलं रोहिणीत. तेव्हा रोहिणी म्हणजे वारा आणि धूळ. शेजारी मुलतानहून आलेलं कुटुंब, समोर एक बंगाली स्टेनो. पैशासाठी काकांनी खात्याकडून घरबांधणी अग्रिम घेतला. या सरकारी कर्जाची रीत आजच्या हप्तेवाल्याला सांगितली तर त्याला थट्टा वाटेल. आधी मुद्दल कापायची, जास्तीत जास्त १८० महिन्यांत. ती पूर्ण फिटली की मग व्याज, जास्तीत जास्त ६० महिन्यांत. व्याजही सरळ, उरलेल्या मुद्दलीवर मोजलेलं. व्याजावर व्याज नाही. ही रीत अजून आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७मध्ये, कमाल मर्यादा पंचवीस लाख झाली आणि दर साडेआठ टक्के. तेच पंचवीस लाख, तोच दर, तीच वीस वर्षं धरून मी एका रविवारी दोन्ही मांडलं. बँकेच्या हप्त्याने व्याज सत्तावीस लाख, सरकारी रीतीने सुमारे सोळा. फक्त आधी काय आणि नंतर काय, याचा हा फरक.

काकांची वही सरकारी डायरीची असे. ज्या वर्षीची डायरी, त्याच्या पुढल्या वर्षी वापरलेली, त्यामुळे वार कधी जुळत नसत. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च. मुद्दल शाईने. साठत चाललेलं, पण अजून न मागितलेलं व्याज पेन्सिलीने. किराणा केंद्रीय भांडारातून, भाजी आठवडी बाजारातून आणि तीही रात्री साडेआठनंतर, भाजीवाला गाडा आवरताना. जानेवारी आणि जुलै हे त्यांच्या घरातले खरे सण, कारण महागाई भत्ता तेव्हा वाढे. रजा प्रवास सवलतीत सातारा. कन्याकुमारी फक्त एकदा, तीही काकूंनी अबोला धरला म्हणून.

पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा काकूंना कपडे धुण्याचं यंत्र हवं होतं. दिल्लीच्या जानेवारीतलं नळाचं पाणी ज्याने चादरींसाठी वापरलंय त्यालाच त्या मागणीचं वजन कळेल. काकांनी सगळी थकबाकी मुद्दलीत भरली. ‘अगं, यंत्र दरवर्षी स्वस्त होत जाणार आहे. कर्ज होणार आहे का?’ काकूंनी यावर दिलेलं उत्तर कुटुंबात सांगतात, पण छापायजोगं नाही. मुद्दल संपली त्या महिन्यात झेलम एक्स्प्रेसने येणाऱ्या कुणाकडून तरी पुण्याहून बाकरवडी मागवली आणि साऱ्या गल्लीत वाटली. मुलतानी शेजाऱ्यांनी विचारलं, लोन खतम? काका म्हणाले, लोन नहीं, मूल. ब्याज तो अब शुरू होगा. शेजाऱ्याने बाकरवडी तोंडात तशीच धरली. ज्या माणसाचं व्याज अजून सुरूच झालेलं नाही तो मिठाई कशाची वाटतोय, हे त्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही. मला उलगडतं. दाराच्या आतलं घर आपलं झालं होतं; राहिलेला होता तो फक्त व्यवहार.

आणि यंत्र? काकूंनी पुढल्या वर्षी आणलं. गल्लीतल्या बायकांच्या कमेटीत त्या दरमहा पैसे टाकत होत्या. आपल्याकडची भिशी, दिल्लीत कमेटी. बोलीची कमेटी काकूंना पसंत नव्हती. गरजू बाई घाईत बोली लावते आणि तिच्या नडीवर बाकीच्या नफा वाटून घेतात, हे त्यांना पटत नसे. म्हणून चिठ्ठ्यांची. काकांच्या वहीत ही रक्कम ‘भाजी’ या सदरात होती. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या काकांनी कागदावर प्रचंड भाजी खाल्ली. काटकसर करणाऱ्या घरात दोन हिशेब असतात आणि दुसरा जास्त हुशार असतो, असं माझं मत आहे. हल्ली मोबाइलमध्ये खर्चाची ॲप्स आहेत. बँकेचे संदेश वाचून ती स्वतःच कोष्टक भरतात. अशा ॲपमध्ये भाजीच्या नावाखाली यंत्र येणं शक्य नाही, म्हणून मला ती आवडत नाहीत.

जादा पैसे आले की कर्जात भरावेत की एसआयपीत टाकावेत, असा वाद आमच्या सोसायटीत दर दिवाळीला होतो. एसआयपीवाले तरुण आहेत आणि त्यांचं गणित बहुधा बरोबर आहे. पण २०२२च्या मेपासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो चारवरून साडेसहावर गेला तेव्हा यांचेच चेहरे मी लिफ्टमध्ये पाहिलेत. पावणेसात टक्क्यांनी पन्नास लाखांचा हप्ता ३८,०१८. दर सव्वानऊ झाला तर पन्नास लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच ३८,५४२. हप्ता तोच ठेवून बँका मुदत लांबवत गेल्या. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतील अशा तारखा लोकांना दिसू लागल्या. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि हप्ता व्याजाला तरी पुरेल हे पाहा. काका असते तर परिपत्रकाची प्रत काढून फाइलला लावली असती.

नोएडाकडे गेलं की तालिकेचाही उपयोग नसलेली माणसं भेटतात. घराचा ताबा नाही, भाडं चालू, बँकेचं व्याज चालू. आम्रपाली या बिल्डरच्या ग्राहकांसाठी २३ जुलै २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने अपुऱ्या इमारती पुऱ्या करायला सरकारी बांधकाम कंपनी एनबीसीसीला सांगितलं, तेव्हा त्यांतल्या कित्येकांच्या हप्त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्या लोकांना कुणी काटकसरीचे दहा उपाय सांगू लागलं की मला राग येतो. टोमॅटो कमी आणून काय होणार आहे?

आमच्या घरी खर्चाची छाटणी दर मार्चमध्ये होते. एक वर्तमानपत्र जातं, बाहेरचं जेवण जातं, वातानुकूलन यंत्र मे उजाडेपर्यंत झाकलेलं राहतं. दोन बाबी कधीच चर्चेला येत नाहीत. एक आयएनए मार्केटातला ओला नारळ आणि मासळी. दुसरी हापूस. इथे सफेदा स्वस्त मिळतो. जूनमध्ये दशहरी येतो, मग लंगडा, मग चौसा, आणि चौसा चोखून खाणाऱ्या माणसाला कमी लेखू नये एवढं मला दिल्लीने शिकवलं आहे. तरी एप्रिलमध्ये पेटी येतेच. तिची किंमत वहीत कोणत्या सदरात जाते हे मी विचारत नाही. औषधांचा खर्च मात्र त्या महिन्यात बराच होतो.