भूल कोणती द्यायची?

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या दोन ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न आला, म्हणून इथेच लिहितो. घरात बाईमाणसाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय आणि कोणीतरी सांगितलंय की पूर्ण भूल घेतली तर कॅन्सर उलटतो, तेवढा भाग बधिर करून केलेलं बरं. खरं का?

मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला बी.कॉम. माणूस. पण २०२३ साली हिची गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा हाच प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस होता. मुलगा कॅनडाहून रोज फोन करी, "बाबा, आईला जनरल देऊ देऊ नका." हिची भीती वेगळीच. पूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ती दोन दिवस ओकत होती. "कॅन्सरचं पुढे बघू, मला ते ओकणं नको," एवढंच तिचं म्हणणं.

मुलाचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ऑपरेशनच्या ताणाने आणि काही औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते, तेवढ्यात सुटलेल्या पेशी दुसरीकडे रुजतात, असा तर्क. पाठीच्या मणक्याशेजारी इंजेक्शन देऊन छातीची ती बाजू बधिर करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. २००६ साली जुनी केसपेपरं तपासून शंभर-सव्वाशे बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात ब्लॉकवाल्यांचा कॅन्सर कमी उलटलेला दिसला. पण जुनी कागदपत्रं चाळून काढलेला निष्कर्ष आणि आधीपासून चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यात फरक असतो, हे ऑडिट केलेल्या माणसाला सांगायला नको. तशी चाचणी २०१९ च्या लॅन्सेटमध्ये आली. अनेक देशांतली 13 रुग्णालयं, 2,108 बायका. निम्म्यांना ब्लॉक आणि शिरेतून प्रोपोफॉल, निम्म्यांना वासाची भूल आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं. कॅन्सर उलटला दोन्हीकडे शंभरात दहा जणींचा. मुलाला तेच आकडे पाठवले, त्यानंतर तो गप्प झाला.

आमच्या भूलतज्ज्ञ बाई गुजराती, पण रावपुऱ्यात वाढलेल्या, मराठी चांगलं समजतं. ही त्यांना म्हणाली, "भूल द्या, पण चूक-भूल नको." बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "काकी, कॅन्सर परत येईल की नाही हे माझ्या औषधाने ठरत नाही. तुमची पहिली रात्र कशी जाईल ते मात्र माझ्या हातात आहे." त्यांनी शिरेतून प्रोपोफॉल आणि सोबत ब्लॉक, दोन्ही दिलं. ब्लॉकमुळे अफूवर्गातलं औषध कमी लागलं. संध्याकाळी हिने चहा मागितला आणि तो पोटात राहिला.

आता यातलंच एक वेगळं प्रकरण, ज्याची लोक वरच्याशी गल्लत करतात. आपल्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चाचणीचा निकाल २०२३ साली छापून आला. भारतातली 11 केंद्रं, जवळजवळ 1,600 बायका. त्यात भुलेचा प्रकार बदललेला नाही. गाठ कापण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं, बस. दात काढताना हिरडीत देतात तेच औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्या : इंजेक्शनवाल्यांत 90.1 टक्के, बाकीच्यांत 86.4. एवढ्या स्वस्त औषधाला एवढा परतावा मी तरी कुठल्या ठेवीवर पाहिला नाही. मात्र हे स्तनाच्या कॅन्सरपुरतं, आणि ज्यांना आधी केमो न देता थेट ऑपरेशन करायचं होतं त्यांच्यापुरतं.

हिचंही थेट ऑपरेशन होतं. सर्जनना विचारलं, तर ते म्हणाले, "देतोच आहे, काका."

तेव्हा त्या दोन्ही घरांना माझं सांगणं असं : भुलेचा प्रकार भूलतज्ज्ञांवर सोडा. त्यांना फक्त आधीच्या ऑपरेशनचा अनुभव, दमा, बीपी, हलणारा दात, चालू गोळ्या सगळं सांगा. लिग्नोकेनचं सर्जनला विचारा.

डिस्चार्जच्या दिवशी सवयीने बिल ओळीओळीने तपासलं. लिग्नोकेनची ओळ शंभर रुपयांच्या आतली होती. ही म्हणाली, "आता त्यावर सही-शिक्का मारू नका, घरी चला." परवाची तपासणी नीट आली. पुढची एप्रिलमध्ये आहे.