फोटोतली थंडी

आमच्या निफाडची थंडी फोटोत येत नाही. डिसेंबर उजाडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं. सोबत एक फोटो असतो, शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा. माणसांनी कानटोप्या घातलेल्या असतात म्हणून थंडी कळते. नुसता मळा छापला तर पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल, वा, काय छान ऊन पडलंय!

मी बरीच वर्षं कॅमेरा घेऊन मळ्यात हिंडतो. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या असतात. धूर वर जात नाही, मांडवाखालीच साचून राहतो. कादवेच्या अंगाने धुकं चढत येतं. त्या वेळी डोळ्यांना सगळं निळसर दिसतं, माती निळी, धूर निळा, बैलाची पाठसुद्धा निळी. फोटो काढून बघावा तर धुकं मळकट राखाडी आणि बाकी सगळ्यावर एक उबदार पिवळट छटा. थंडी गायब.

याचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याला निळेपणा जास्त दिसला की तो ती उजेडाची चूक समजतो आणि पुसून टाकतो. यालाच ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. उजेड मोजतानाही तो समोरचं सगळं मध्यम राखाडी असेल असं धरून चालतो. म्हणून पांढरं धुकं तो काळवंडवतो आणि आमची काळीभोर जमीन उजळ करून टाकतो. मोबाईल तर याच्याही पुढचा. एक बटण दाबलं की तो कमी-जास्त उजेडाचे पाच-सात फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, झाडं ओळखून हिरवी करतो. म्हणजे "मी काहीच केलं नाही, आहे तसाच टाकलाय" असं आपण ज्या फोटोबद्दल छातीठोकपणे सांगतो, तोही कुणीतरी एडिट केलेलाच असतो. फक्त ते करणारा निफाडला कधी आलेला नसतो.

म्हणून मी रॉ फाईल ठेवतो. कॅमेऱ्याने पकडलेला उजेड तिच्यात जवळपास कच्चाच राहतो. कॉम्प्युटरवर रंगाचं तापमान दिवसाच्या उजेडावर, म्हणजे साडेपाच हजार केल्व्हिनच्या आसपास आणलं की पहाटेचा निळेपणा आपोआप परत येतो. धुकं काढून टाकायचीही एक पट्टी असते, तिला मी हात लावत नाही. धुकंच काढायचं तर पहाटे चारला उठायचं कशाला?

पण किती निळं? इथे खरी पंचाईत होते. रात्री दहाला खोलीत बसून पहाटेचा रंग आठवायचा म्हणजे आपण आपल्यालाच फसवायला मोकळे. त्यासाठी माझ्याकडे आण्णा होते.

आण्णांची नजर मातीवर वाढलेली. शिवाय 2023 साली त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं राहिलं होतं. मोतीबिंदूचं भिंग पिवळट असतं, ते निळा रंग अडवतं. ते काढलं की माणसाला निळं एकदम नव्याने दिसायला लागतं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही 1923 मध्ये असंच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर रंगांनी त्याला फार छळलं होतं. आण्णांना मोने माहीत नव्हता. ते ओट्यावर बसून एकदा हा डोळा झाकायचे, एकदा तो, आणि म्हणायचे, "ह्या डोळ्याने बाग निळी दिसती, त्या डोळ्याने चहासारखी. आता खरी कोणती रे?"

बागेच्या बाबतीत नवा डोळा खरा होता. पावसाळ्यात बोर्डो मारलेली बाग हिरवीगार नसतेच. चुना आणि मोरचूद यांचा निळसर पांढरा थर पानांवर बसलेला असतो. मोबाईलमधला फोटो बघून आण्णा म्हणाले होते, "ही आपली न्हाई. ही कॅलेंडरवरची." नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचं तेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं, तेव्हापासून तिथे हौशी कॅमेरे वाढले. आपल्याकडे येणारा रोहित बराचसा पांढरा असतो, गुलाबी फक्त पंखाच्या कडेला जास्त. फोटोत मात्र तो लग्नातल्या मांडवासारखा होऊन बसतो.

इथपर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता. 26 नोव्हेंबर 2023 ला गारपीट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो तेव्हा आभाळ अजून भरलेलं होतं. पानांची चाळणी झाली होती, कोवळे घड चिखलात पडले होते. मी मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या चुलत भावाला, नानाला, पाठवले. बागेत त्याचाही वाटा आहे, आणि औषधांच्या उधारीचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं होतं. त्याचा फोन आला, "अरे, बरीच वाचली की! हिरवी दिसतेय."

मी फोटो परत उघडून पाहिला. खरंच हिरवी दिसत होती. मांडवाखालचा अंधार मोबाईलने उजळला होता, उरल्यासुरल्या पानांना तकाकी आणली होती आणि फाटलेल्या पानांच्या कडा गुळगुळीत केल्या होत्या. गारपिटीचा फोटो त्याने प्रसन्न करून दिला होता.

मग कॅमेऱ्यावरची रॉ फाईल घेतली. सावल्या होत्या तिथे नेल्या, हिरवा रंग उतरवला, आभाळ खाली आणलं. संताप होताच, त्यामुळे हात जरा जास्त चालला. आण्णांनी स्क्रीनसमोर बसून दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. "आभाळ एवढं काळं नव्हतं," ते म्हणाले. "नुकसान झालंय तेवढंच दाव. जास्त दावलं तर जे झालंय तेबी खोटं वाटंल." आभाळ पुन्हा वर आणलं. बांधावरची विजेची तार आणि कोपऱ्यातला फाटका प्लास्टिकचा कागद तसाच ठेवला. आण्णांचा बोट दाखवत बसलेला हात एका फोटोत कडेला आला होता, तोही.

तो फोटो नानाला पाठवला. तासाभराने तो म्हणाला, "शनिवारी येतो."

पंचनाम्याला मात्र हा फोटो चालणार नव्हता आणि ते बरोबरच आहे. तिथे हात न लावलेलाच फोटो पाहिजे, नाहीतर प्रत्येक जण आपापलं आभाळ काळं करील. आलेल्या माणसाने आपल्या मोबाईलवर काढला. त्याच्याही स्क्रीनवर बाग हिरवीच दिसत होती. मी त्याला मांडवाखाली नेलं आणि म्हटलं, साहेब, फोटो काढलात, आता जरा खाली वाका आणि बघा. तो वाकला. बराच वेळ खाली बघत राहिला आणि मग वहीत लिहायला लागला.

नानाला दाखवलेल्या फोटोची एक प्रत कागदावर काढावी म्हणून मी गावातल्या स्टुडिओत गेलो. पोराने स्क्रीनवर पाहून विचारलं, "भाऊ, लई डल आहे. ब्राइट करू का थोडा? ग्रीन पण वाढवतो."

"नको," म्हटलं. "पण छापल्यावर स्क्रीनपेक्षा गडद येतो ना? तेवढाच उजळ कर."

त्याने एक छोटा तुकडा छापून दाखवला. मी तो दारात नेऊन दिवसाच्या उजेडात धरला आणि म्हणालो, अजून जरासा.