मुख्य कार्यालय आणि ब्राह्मणवेलचा वारा

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. पाचशे मेगावॅटच्या वर क्षमता असलेला हा प्रकल्प देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत मोडतो. पिंपळनेर-दहिवेलकडच्या लोकांना त्या पात्यांचं आता काही अप्रूप उरलेलं नाही. प्रस्तुत लेखक मात्र गावी आला की अजूनही तिकडे बघत उभा राहतो. त्याची नोकरी पुण्यात, एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या आयटी विभागात. आणि तिथल्या बैठकांत ‘निर्णय मुख्य कार्यालयाचा की शाखेचा’ या ज्या एका वादात त्याचे केस पांढरे झाले, तो वाद या चक्कीने केव्हाच मिटवून टाकलेला आहे.

चक्कीच्या डोक्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी उपकरणं असतात. वारा सेकंदाला तीनएक मीटरच्या पुढे गेला की पाती फिरू लागतात. दिशा बदलली की अख्खं डोकं वाऱ्याकडे तोंड वळवतं. वादळात वेग वीस-पंचवीस मीटरच्या वर गेला की पाती आपला कोन बदलून वारा सोडून देतात आणि चक्की थांबते. हे सगळं चक्कीतच बसवलेला कंट्रोलर ठरवतो, आणि ते कुणालाही न विचारता. दूरच्या देखरेख केंद्राशी संपर्क तुटला तरी थांबायच्या वेळी ती थांबतेच. ग्रीडमध्ये वीज जास्त झाली म्हणून निर्मिती कमी करायची असेल, तर तो निर्णय मात्र चक्कीचा नसतो. तो ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचा. एकट्या चक्कीला महाराष्ट्राची मागणी कुठून दिसणार? आणि कंट्रोलरच्या पोटातला प्रोग्राम कंपनीच्या अभियंत्यांचा. माळावरच्या तंत्रज्ञाला तो आपल्या मनाने बदलता येत नाही. यंत्र एक, निर्णय तीन, आणि तिघांचे मालक वेगळे.

जाता जाता एक गोष्ट. मुख्य कार्यालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिका येते. पण पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनने २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन आणि २००७ मध्ये हॅम्बुर्गची आरईपॉवर या कंपन्या घेतल्या, तेव्हा काही वर्षं मुख्य कार्यालय पुण्यात होतं आणि शाखा जर्मनीत. तेव्हा हा काही गोरे विरुद्ध आपण असा मामला नाही. जो मुख्य कार्यालयात बसतो त्याला सगळं एकसारखं हवं असतं आणि जो शाखेत बसतो त्याला आपलं गाव निराळं वाटतं. माणूस खुर्ची बदलली की बाजूही बदलतो.

एमआयटीच्या पीटर वाइल आणि जीन रॉस यांनी २००४ साली ‘आयटी गव्हर्नन्स’ या पुस्तकात कंपन्यांच्या या कारभाराला राजेशाही, सरंजामशाही, संघराज्य, अराजक अशी नावं दिली. वाचताना हसू येतं, कारण प्रत्येकाला आपापली कंपनी त्यात सापडते. त्या पुस्तकातली कामाची गोष्ट नावांत नाही. आयटीचा निर्णय एक नसतो, तत्त्वं, रचना, पायाभूत यंत्रणा, धंद्याच्या गरजा आणि पैसा असे त्याचे पाच प्रकार असतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा असू शकतो, हे त्यांनी नीट मांडलं. बैठकीत मात्र ‘ग्लोबल की लोकल’ असा एकच प्रश्न टेबलावर येतो आणि मग दुपार जाते.

अशी एक दुपार २०२० मधली. वर्षाला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑक्टोबरपासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं होणार होतं. म्हणजे प्रत्येक बिल आधी सरकारी पोर्टलवर पाठवायचं, तिथून आयआरएन नावाचा लांबलचक क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा, मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचं. लेखक तेव्हा जिथे होता त्या कंपनीची बिलं आणि हिशेब सांभाळणारी ईआरपी सिस्टिम जगभर एकच, ती सांभाळणारी मंडळी युरोपात, आणि त्यांचा नियम असा की तिमाही संपत आली की शेवटचे काही दिवस सिस्टिमला कुणी हात लावायचा नाही. याला ‘फ्रीझ’ म्हणतात. तिमाही संपणार ३० सप्टेंबरला, कायदा लागू होणार १ ऑक्टोबरला.

तिकडच्यांचं म्हणणं चूक नव्हतं. एका देशासाठी घाईत केलेला बदल हिशेब बंद होण्याच्या रात्री दुसऱ्याच देशात फुटतो, हे त्यांनी सोसलेलं होतं. इकडच्यांचंही खरं होतं, कारण आयआरएन नसलेलं बिल म्हणजे फाटकाबाहेर न पडणारा ट्रक. शेवटी वाट निघाली ती अशी: मूळ सिस्टिममध्ये फक्त एक रिकामा रकाना आधीच वाढवून घ्यायचा; पोर्टलशी बोलणारा छोटा प्रोग्राम बाहेर, भारतात, भारतातल्या लोकांनी लिहायचा आणि चालवायचा; क्रमांक आला की रकान्यात टाकायचा. सरकारने ३० सप्टेंबरला ऑक्टोबरपुरती सवलत जाहीर केली, त्यामुळे पहिल्या महिन्यात थोडी उसंतही मिळाली. प्रोग्राम चालला. इकडे पेढे वाटले गेले.

पेढ्यांनंतर युरोपातून एकच प्रश्न आला: ‘असे छोटे प्रोग्राम किती देशांत आहेत, आणि त्यांची डागडुजी कोण करतं?’ प्रश्न रास्त होता, आणि तो किती रास्त होता हे कळायला मर्स्कची गोष्ट आठवावी लागते.

डेन्मार्कची मर्स्क ही जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिच्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या कार्यालयात एका संगणकावर एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. युक्रेनमध्ये कराची विवरणपत्रं भरायला ते घरोघरचं. आपल्याकडे टॅली असावं तसं. स्थानिक गरज, स्थानिक निर्णय, त्यात वावगं काहीच नाही. २७ जून २०१७ रोजी त्याच सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस आत आला आणि काही तासांत जगभरच्या कार्यालयांतले पडदे काळे झाले. आपल्या न्हावाशेव्याला तेव्हाच्या जेएनपीटीतलं एपीएम टर्मिनल्सचं टर्मिनल याच समूहातलं. तिथलं कामही त्या फेऱ्यात ठप्प झालं. ओडेसातल्या कुणा हिशेबनिसाच्या सोयीचा धक्का उरणच्या कंटेनरला बसला.

ही गोष्ट केंद्रवाले मोठ्या आवडीने सांगतात: बघा, शाखेला मोकळीक दिली की काय होतं. पण ती इथे संपत नाही. व्हायरस एका संगणकावर आला हा शाखेचा भाग. तो सगळीकडे पोचला, कारण अख्खं जाळं आतून सताड उघडं होतं, आणि ती रचना केंद्राची. त्याहून मजेची गोष्ट पुढची. कोण कर्मचारी, कुणाला कशात शिरता येतं, याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर सर्व्हर मर्स्ककडे होते. ते सतत एकमेकांची नक्कल करून घ्यायचे, म्हणून वेगळा बॅकअप ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती. सगळे एका वेळी पुसले गेले. वाचला एकच, घाना देशातला. तिथे त्या वेळी वीज गेली होती.

भारनियमनात वाढलेल्या खान्देशी माणसाला हे वाचून काय वाटेल ते सांगायला नको. घानातली इंटरनेटची लाइन इतकी बारीक, की त्या सर्व्हरवरचा डेटा तिच्यावरून पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. म्हणून तो विमानाने, माणसाच्या हातून, नायजेरियामार्गे इंग्लंडला नेला गेला. पुढे मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी दावोसमध्ये सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

लेखकाने या गोष्टीतून घेतलं ते एवढंच: निर्णय कुठे व्हावा याआधी तो चुकला तर किती लांब पसरेल हे विचारायचं. ओडेसात काय टाकायचं ते ओडेसाने ठरवावं; पण ओडेसा आणि उरण यांच्यामध्ये भिंत हवी की नको, हे ओडेसाला ठरवता येणारच नाही. तिथे केंद्रच हवं, आणि तिथेच ते झोपलेलं होतं. केंद्राला सहसा भिंती बांधण्यापेक्षा खोल्यांतलं फर्निचर ठरवण्यात जास्त रस असतो, हे लेखकाचं जुनं निरीक्षण.

वस्तूंच्या नावांचं आणि क्रमांकांचं काम मात्र निःसंशय केंद्राचं. नेस्लेच्या अमेरिकेतल्या कंपनीत १९९० च्या दशकात हिशेब एकत्र मांडले, तेव्हा उघड झालं की एकाच पुरवठादाराकडून तेच व्हॅनिला २९ निरनिराळ्या भावांनी घेतलं जात होतं. प्रत्येक कारखान्याने त्याला आपापला सांकेतिक क्रमांक दिलेला. तुलना करायची तरी कशी? यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

भिंती झाल्या, क्रमांक झाले; राहिला तिसरा भाग, चूक दुरुस्त करण्याचा. परिषदांमध्ये याच्यावर कुणी बोलत नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या सातबाऱ्यात आहे.

महाराष्ट्राचे अडीच कोटींच्या आसपास सातबारे संगणकावर आले. सॉफ्टवेअर एनआयसीने पुण्यात केलेलं, नमुना सगळ्या राज्याला एकच, ई-फेरफारमध्ये नोंद धरणारा तलाठी आणि ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी. खान्देशात तलाठ्याला आप्पा म्हणतात, आणि ‘आप्पा, सर्व्हर चालू शे का?’ हा प्रश्न त्या काळात चावडीवर नमस्कारासारखा झाला होता. पण सर्व्हरपेक्षा मोठी अडचण होती ती जुन्या हस्तलिखितांवरून डेटा भरताना झालेल्या चुकांची. कुणाचं नाव गळलेलं, कुणाचे आर इकडचे तिकडे, कुठे वारस राहून गेलेला. या चुका पुण्यात बसून दिसणं शक्यच नव्हतं. शिवारातल्या माणसालाच ठाऊक की बांधापलीकडचा गट कुणाचा.

म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा छापायचा, गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ‘चूक आहे’ म्हणणाऱ्याचं लिहून घ्यायचं. एवढ्या मोठ्या डेटाबेसची तपासणी ऐकणाऱ्यांच्या कानांनी करून घेण्याचा असा दुसरा प्रयोग लेखकाला माहीत नाही. त्याच्या कंपनीत याच कामासाठी लाखो युरोंचं सॉफ्टवेअर आहे. आणि चूक सापडल्यावरची वाटही कायद्यात आधीपासून होती: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. आदेश तहसीलदाराचा. म्हणजे तलाठ्याने मनाला येईल तसं खोडायचं नाही, आणि एका वेलांटीसाठी पुण्यालाही जायचं नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो या खटाटोपानंतर.

हे १५५ लेखकाच्या डोक्यात असं बसलं, की नव्या सिस्टिमचा आराखडा समोर आला की तो समासात पेन्सिलने लिहितो, ‘१५५ कुणाकडे?’ पुण्यातली पोरं एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी साक्रीकडचं असतं आणि समजावून सांगतं. बहुतेक आराखड्यांत उत्तर असतं, ‘ग्लोबल सपोर्टला तिकीट टाकायचं’. हे उत्तर म्हणून चालत नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता चुकला तर तो ज्याला फोन करतो त्याच्या हाती दुरुस्ती हवी. गिऱ्हाइकाचा क्रमांकच बदलायचा असेल तर मात्र नको.

सध्या लेखकाची नजर आहे ती विकास सोसायट्यांवर. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. तेव्हा मंजूर झालेला खर्च २,५१६ कोटी, आणि नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर. गटसचिवाच्या चोपड्यातलं पीककर्ज आता त्यात येतंय. कल्पना चांगली, खातेक्रमांकांची शिस्त तर फारच चांगली. पण व्याजाचं गणित देशभर सारखं नाही. वेळेत फेडणाऱ्याला सूट देणारी डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना महाराष्ट्राची आहे. तिचे नियम मुंबईत ठरतात आणि तिचा हिशेब प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक सभासदाच्या खात्यावर मांडावा लागतो. पिंपळनेरकडच्या कांदा लावणाऱ्या एखाद्याने वेळेत भरणा केला आणि तारीख चुकीची पडून सूट गेली, तर ती ओळ गटसचिव दुरुस्त करणार, धुळ्याची जिल्हा बँक, की राज्याबाहेरचं सपोर्ट सेंटर? लेखक पुढच्या वेळी गावी गेला की सोसायटीत जाऊन आधी हेच विचारणार आहे.