इंदूरच्या बाजारातला बनफशा

जळगाव-रावेरकडची मंडळी इंदूरला निघाली की पिशवीत काय भरून आणायचे ते ठरलेलेच असते: शेव, नमकीन आणि जमल्यास एखादी माहेश्वरी साडी. राजवाड्याजवळच्या मारोठिया बाजारात आणखी एक वस्तू मिळते, तिच्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे बनफशा.

पंसाऱ्याकडे मागितला की तो डब्यातून सुकलेला चुरा काढतो. त्यात कुठे कुठे जांभळट पाकळी दिसते. हे हिमालयातले व्हायोलेट. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर वसंतात ते फुलते आणि तिथल्या बायका-मुले ओणव्याने एकेक फूल खुडतात. म्हणूनच निव्वळ फुलांचा भाव चढा आणि पानाकाड्यांचा माल स्वस्त. घेताना चिमूटभर तळहातावर पसरून बघावे. दुकानदार रागावत नाही.

युनानी वैद्यकात गुल-ए-बनफशा म्हणजे सर्दी-खोकल्याचे घरचे माणूस. उन्नाव, ज्येष्ठमध, खतमी यांच्याबरोबर उकळला की झाला जोशांदा. वाटेतल्या बुऱ्हाणपुरात सैफिया हमीदिया युनानी कॉलेज आहे, तेव्हा आपल्या सीमेवर ही विद्या काही परकी नाही. इंदूरच्या आमच्या नात्यातल्या एक मावशी माळव्याची थंडी पडली की दोन कप पाण्यात बनफशा, चार मिरे आणि 'मुलेठी' घालून एक कप उरेपर्यंत आटवतात. ज्येष्ठमध हा शब्द त्यांच्या मराठीतून केव्हाच गेला! त्यांच्या काढ्याने घसा मोकळा होतो हे खरे, पण ताप चढला, धाप लागली किंवा मूल तान्हे असेल तर काढ्याच्या भरवशावर बसू नये. या झाडाच्या मुळाने उलट्या होतात, त्यामुळे मुळासकट माल असेल तर नकोच म्हणावे. शिवाय मूळच उपटले तर पुढच्या वर्षी फूल कुठून यायचे?

ताज्या फुलांचा पाक लिंबाने लाल आणि सोड्याने हिरवा होतो. रॉबर्ट बॉइलने 1664 च्या रंगांवरील ग्रंथात आम्ल ओळखण्यासाठी हाच पाक वापरला. आमच्या कॉलेजातला लिटमस कागद त्याचाच धाकटा भाऊ म्हणायचा.

बनफशाचा एक नातलग आपल्याकडेही आहे. पावसाळ्यात माळावर गवतात एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी मिरवणारे रत्नपुरुषाचे रोप दिसते, ते याच कुळातले.